सुटीचा भोंगा आणि हातचा सामना

पिंपरी, १९५७

सौ. मंजुळेस अनेक आशीर्वाद. मी खुशाल आहे, जेवणही वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

हॉकी बघायचा नाद सोडा म्हणतेस, ते आता पटतंय. कारखाना निघाल्यापासून आमचा संघ हरतोच आहे, पण काल हद्द झाली! कारखान्याच्याच आवारात सामना, संपत आलेला, एक-एक गोलची बरोबरी. तेवढ्यात सुटीचा भोंगा झाला आणि हॉकीपायीच नोकरी मिळालेले आमचे बहाद्दर सवयीने स्टिका टाकून फाटकाकडे वळले. समोरच्या खडकीवाल्यांनी चालत येऊन गोल केला.

माझं डोकंच फिरलं. शिव्या द्यायला तोंड उघडणार, तोच आमच्या खात्यातला शौकत मागून ओरडला, "राव, डबा घेऊन तुम्ही कुठं निघालात?"

मीही फाटकाशी पोचलो होतो.

एवढं आईला वाचून दाखवू नकोस.

ज्योतीराम