बटण राहणाऱ्यानं दाबायचं

मिस्त्री, गुडघे कसे आहेत तुमचे? शिडी चढताना अजून कण्हता का? काकूंचा दमा कसा आहे? आणि दुकानातल्या टेबलाखाली झोपणारी ती लंगडी मांजर, तिला दूध मिळतं ना वेळेवर? इकडं आम्ही बरे आहोत. हिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता माझ्या शर्टावरचे डाग तिला दिसायला लागलेत, एवढाच काय तो तोटा. तुम्ही तिघंही केव्हाच गेलात, ठाऊक आहे मला. पण तब्येत विचारल्याशिवाय कामाचं बोलायचं नाही, ही सवय तुमचीच.

काम असं आहे. सरकार सामायिक सोलरचा कायदा करू पाहतंय. ज्याला स्वतःचं छप्पर नाही त्यानं लांब माळावरच्या प्रकल्पात वाटा घ्यायचा, आणि तिथं उन्हावर झालेली वीज त्याच्या इथल्या बिलातून वजा व्हायची. ऐकून मी खूश झालो. निघोज्यात माझ्या चाळीत बारा खोल्या; भाडेकरू कुणी बीडचे, कुणी लातूरचे, सगळे कंपनीत शिफ्टला. डोक्यावरचा पत्रासुद्धा माझा. हा कायदा जणू त्यांच्यासाठीच. पण चष्मा लावून मसुदा दोनदा वाचला आणि डोकं फिरलं. वाटा कुणाला, तर ज्याच्या नावावर मीटर त्याला. आमच्याकडं मीटर मालकाच्या नावावर आणि खोल्यांना नुसते सबमीटर, हे चाकण पट्ट्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. म्हणजे ज्यांच्यासाठी स्वयंपाक केला त्यांनाच पंगतीतून उठवायचं!

तेव्हा तुम्ही आठवलात. शेत कंपनीत गेलं आणि मी तळवड्याला तुमच्या हाताखाली आलो, तिशीतला बाप्या. चऱ्होलीत एका भाड्याच्या खोलीचं वायरिंग पुरं झालं होतं. घरमालक नारळ घेऊन उभा. मी हौसेनं बटण दाबलं. दिवा लागला आणि तुमचा धपाटाही पाठीत बसला. तुम्ही दिवा बंद करता. मालक पुढं होतो, त्यालाही हातानं थांबवता. "हितं ऱ्हातंय कोण? तुमी का ती? मग तिनंच दाबायचं." स्टोपाशी बसलेली भाडेकरू बाई पदराला हात पुसत येते, बटणाला हळदकुंकू लावते आणि डोळे मिटून दाबते. मालकाचं तोंड बघण्यासारखं झालेलं. पुढं कुठल्याच घरात आपण पहिलं बटण दाबलं नाही.

मागच्या आठवड्यात पिंपरीला मसुद्यावर सुनावणी होती. मी उठलो. साहेब म्हणाले, "आजोबा, थोडक्यात." म्हटलं, "थोडक्यातच सांगतो. राहणाऱ्याला वाटा नसेल तर कायद्याच्या नावातलं सामायिक खोडून टाका." मागं आमच्या गावचे खोलीमालक बसलेले. एक ओरडला, "अण्णा, बसा की राव खाली! उद्या भाडेकरू सातबाऱ्यावर नाव मागतील." हशा पिकला. मी वळलो. "सातबारा तर तू कवाच कंपनीला देऊन मोकळा झालास. आता कशाला घाबरतोस?" मग हशा त्याच्या अंगावर गेला. कुणाच्या बापाला भीत नाही मी या वयात. मसुदा बदलेपर्यंत दर सुनावणीला जाणार, चालता येईना झालं तर खुर्चीसकट उचलून न्यायला लावीन.

पण मी खाली बसत असताना साहेबांनी विचारलं, "मालकानं संमती दिली की भाडेकरूला स्वतंत्र मीटर मिळतो. तुम्ही दिलीत ना?" मी खणखणीत आवाजात म्हणालो, "दिली."

खोटं बोललो, मिस्त्री. बारा संमतीपत्रं आत्ता माझ्यापुढं पडलीत, कोरी. आजवर का नाही केल्या सह्या? तर प्रत्येक खोलीचं मेन बटण माझ्या जिन्याखाली आहे. कुणाशी वाजलं की मी गुपचूप त्याचं बटण खाली पाडतो, आणि तो दारात येऊन "अण्णा, लाईट सोडा की" म्हणेपर्यंत पेपर वाचत बसतो. बरं वाटतं. हे हिलासुद्धा मी सांगितलेलं नाही.

सह्या आज करतोच आहे, गावानं माझ्याशी बोलणं सोडलं तरी. हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? ड्रॉवरमध्येच राहील. तरी तुम्ही दोन ओळी लिहा. शिव्या असल्या तरी चालतील, पण लवकर लिहा; चार नंबरवाल्याचा दिवा सकाळपासून मीच बंद ठेवलाय.