अर्धा लाडू

४ डिसेंबर २०१७, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस चांगला गेला. कोथरूडच्या एका शांत गल्लीतला दुमजली बंगला म्हणजे आमचं उपचार केंद्र. खाली मुलांची तपासणी होते, वर प्रयोगशाळा. माझ्या टेबलावर सकाळचं ऊन येतं. यंत्रं नवी आहेत, फ्रीज स्वच्छ आहे आणि बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या सरळ चिकटवलेल्या आहेत. हे शेवटचं बघून फार बरं वाटलं. कराडहून निघताना आई काळजीने म्हणाली होती की पुण्यात कुणी कुणाची विचारपूस करत नाही. मला तेच हवं आहे.

केंद्राच्या प्रमुख डॉ. सुहासिनी देवस्थळी साठीच्या आहेत. सुती साडी नेसतात, आवाज कधी चढवत नाहीत. मुलाखतीत त्यांनी माझ्या प्रबंधावर एकच प्रश्न विचारला, बाकी सगळे खाण्यावर. दूध, अंडं, मासे, दाणे, गहू यांतलं काय चालतं? मी म्हटलं, सगळं चालतं. त्या म्हणाल्या, अशी माणसं हल्ली दुर्मीळ झाली आहेत.

माझं काम मुलांच्या रक्तातली प्रतिपिंडं मोजण्याचं. शरीर एखाद्या निरुपद्रवी पदार्थाला शत्रू समजतं आणि त्याच्यावर हत्यारं उपसतं, ती ही. दाणे न चालणाऱ्या मुलाला इथे दाण्याचं कूट कणाकणाने वाढवत देतात, शरीराला सवय होईपर्यंत. पद्धत ओळखीची आहे. नवं काही नाही.

७ डिसेंबर

एक गोष्ट मात्र नवी आहे. कूट मोजून खजुराच्या छोट्या लाडवात घालतात. मूल अर्धा लाडू खातं आणि उरलेला उष्टा अर्धा तंत्रज्ञाने त्याच्यासमोर खायचा. घरी आई नाही का, ‘बघ, मी पण खाल्लं’ म्हणते, तसं. मी विचारलं, वेगळा लाडू खाल्ला तर चालेल का? डॉक्टर म्हणाल्या, “फसवलेलं मुलांना कळतं. आपल्याला उष्ट्याचं वावडं असेल तर आत्ताच सांगा, म्हणजे पुन्हा जाहिरात देता येईल.” वावडं नाही, मी म्हटलं.

माझ्याकडे राजनंदिनी आहे. सहा वर्षांची, खराडीची. वडील सर्जेराव, शेतं गेली आणि तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, त्या पिढीतले. बोटात दोन अंगठ्या, पण मुलीचा हात धरताना अंगठ्या फिरवून आत करतात, तिला टोचू नयेत म्हणून. मला म्हणाले, “म्याडम, आमच्यात कुटाबिगर भाजी न्हाई. लग्नाला गेलो की पोरीला गाडीत बसवून काच वर करतो. दोनदा मरता मरता वाचलीय. तेवढी पंगतीत बसू द्या, दुसरं काय मागणं न्हाई.”

राजनंदिनीने अर्धा लाडू खाल्ला आणि उरलेला माझ्या तोंडाशी धरला. मी खाल्ला. ती हसली. पुढचे दोन दात पडलेले आहेत.

१३ डिसेंबर

इथे कुणी कुणाला डब्यातलं देत नाही. भाजी पुढे करत नाही, काय आणलंय विचारतही नाही. मला बरंच वाटलं. मंदाकिनीताई इथल्या सगळ्यात जुन्या तंत्रज्ञ, पन्नाशीच्या. त्या भिंतीकडे तोंड करून जेवतात. आज चमचा द्यायला गेले तेव्हा डबा दिसला. नुसता भात आणि मीठ. पथ्य आहे, म्हणाल्या, आणि झाकण लावलं.

३ जानेवारी २०१८

राजनंदिनी आता दोन दाण्यांएवढं कूट पचवते. प्रतिपिंडं झपाट्याने उतरली आहेत. फार झपाट्याने. असा आलेख मी कुठे वाचलेला नाही. डॉक्टरांना तसं म्हटलं तर म्हणाल्या, “मग आता आपण लिहा.”

संध्याकाळी चटणी-भाकरी खाताना जीभ चुरचुरली. तिखट नव्हती.

१४ जानेवारी

संक्रांत. घरमालकीण काकूंनी तिळगूळ दिला, दाण्याचं कूट घातलेला. जिना उतरेपर्यंत ओठ सुजला. काकूंनी बघून सांगितलं की गेली चाळीस वर्षं त्या तिळगूळ करताहेत आणि आजवर गुळाने कुणाचं तोंड वाकडं झालेलं नाही, तेव्हा दोष तोंडाचा असणार.

आमच्या घरी दाणे पोत्याने येतात. मी लहानपणापासून मुठीने खाल्ले आहेत.

१६ जानेवारी

आज स्वतःचं रक्त तपासलं. दाण्याविरुद्धची प्रतिपिंडं भरपूर आहेत. नोकरीला लागताना तपासली होती, तेव्हा शून्य होती.

नमुन्यांची अदलाबदल झाली असणार, असं धरून पुन्हा तपासलं. तेच आलं.

मग संशय केंद्रावर गेला. चहात काही घालत असतील. रुजू होताना लस म्हणून एक इंजेक्शन दिलं होतं, दुसरं बाकी आहे, त्यात काही असेल. उद्यापासून पाणीसुद्धा घरून नेणार. कुणालाही काही बोलायचं नाही.

२२ जानेवारी

चहा नाही, पाणी नाही, इंजेक्शन नाही. फक्त लाडू. तरी आकडा वाढला.

आज तिचे आणि माझे आकडे शेजारी मांडले. तिचा जेवढा उतरतो तेवढाच माझा चढतो. दोघींची बेरीज बदलत नाही. पहिल्या दिवसापासून नाही.

प्रतिपिंडं नेमकी दाण्याच्या कुठल्या अंशाला चिकटतात, ते प्रत्येक माणसात वेगळं असतं, बोटाच्या ठशासारखं. माझ्या रक्तात माझा ठसा नाही. तिचा आहे.

हे घडण्याची कुठलीही प्रक्रिया शास्त्राला ठाऊक नाही. अर्ध्या लाडवातून असं काही जाऊ शकत नाही. हे मी लिहून ठेवते आहे कारण मला ते अजूनही खरं वाटतं.

२३ जानेवारी

मंदाकिनीताईंना गाठलं आणि सरळ विचारलं. त्यांनी आधी जिन्याकडे बघितलं. मग म्हणाल्या की त्यांच्या हातून नऊ मुलं बरी झाली, सगळी आता पोटभर जेवतात. एका मुलीचं लग्नही झालं, पत्रिका आली होती. मी म्हटलं, आणि तुम्ही? तर शांतपणे म्हणाल्या, “माझ्यात आता जागा नाही, म्हणून तर तुम्हाला घेतलं.”

मी विश्वास ठेवलेला नाही. विश्वास ठेवायचा नसतो, तपासायचं असतं.

२४ जानेवारी

तपासलं. क्रमाने लिहिते.

राजनंदिनीने अर्धा खाल्ला. नेहमीचंच प्रमाण, जे तिने आठवडाभर सहज पचवलं होतं. मी माझा अर्धा तोंडाशी नेला आणि कोटाच्या खिशात टाकला. तिला दिसलं नाही.

थोड्या वेळाने ती गळा खाजवायला लागली. मग ओठ. मग श्वासाची शिट्टी. डॉक्टरांनी मांडीत इंजेक्शन दिलं, मग दुसरं. काही फरक नाही. सर्जेराव दारात उभे राहून तिच्या नावाने हाका मारत होते, जणू ती लांब कुठे खेळायला गेली आहे.

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, “खिशातलं खा.”

मी खाल्लं. तो चिकट, धागे लागलेला तुकडा गिळला. राजनंदिनीचा श्वास मोकळा झाला.

माझ्या हातांवर गांधी उठल्या. मी गोळी काढली तर मंदाकिनीताईंनी ती हातावर मारून पाडली. औषध घ्यायचं नाही, म्हणाल्या, सोसायचं. आपण औषधाने उतरवलं की ते परत जातं.

कुठे जातं ते विचारलं नाही.

२५ जानेवारी

राजीनामा दिला. डॉक्टरांनी वाचला, एका शब्दाचं शुद्धलेखन सुधारलं आणि ठेवून घेतला. अर्धवट सोडू नका, म्हणाल्या. पूर्ण प्रमाणाचा शेवटचा मोठा लाडू झाला की मी मोकळी.

सामान बांधलं आहे.

२८ जानेवारी

सर्जेरावांचा फोन. पोरीने काहीच खाल्लं नाही, साधं पाणी प्यायली तरी सुजतेय. रडत होते. “तुमी कुठं गेलाय, मावशी कुठंय म्हणून इचारतीया सारखी.”

दाणे न खाता. काही न खाता. मी तिचा अर्धा लाडू खायला नव्हते, एवढंच.

कराडचं तिकीट टेबलावर आहे. मी त्याच्याकडे बघत बसले आहे.

२९ जानेवारी

परत आले. रोजचा लाडू. तिची सूज उतरली. माझ्या पापण्या उघडत नव्हत्या.

बाहेरच्या औषधांच्या दुकानातून स्वतःसाठी इंजेक्शन विकत आणलं, राजनंदिनीला दिलं होतं तेच. भरलेलं. कोटाच्या आतल्या खिशात आहे. कुणाला ठाऊक नाही. सोसणं ही काही पद्धत नव्हे.

३१ जानेवारी

आता गल्लीतल्या गाडीवर दाणे भाजायला लागले तरी घसा आवळतो. उद्या मोठा लाडू. पूर्ण प्रमाण. तिचं उरलंसुरलं सगळं —

हिशेब साधा आहे. मी खाल्ला नाही तर ती जगणार नाही. खाल्ला तर माझ्याजवळ इंजेक्शन आहे. मंदाकिनीताई म्हणतात तसं औषधाने ते परत जाताना मी बघितलेलं नाही, गोळी तोंडात गेलीच नव्हती. ऐकीव गोष्टीवरून निष्कर्ष काढत नाहीत.

१ फेब्रुवारी

खाल्ला. तिच्या हातून. डॉक्टर तिला घेऊन बाहेर गेल्या, दार ओढून घेतलं. मुद्दाम, असं वाटतं.

निरीक्षणं लिहिते. तळहाताला खाज. जीभ जड. आवाज गेला.

काचेपलीकडे राजनंदिनी आहे. वडिलांनी चिक्की आणली आहे, आयुष्यातली पहिली. दोन्ही हातांत धरून खाते आहे. सर्जेराव डोळे पुसताहेत आणि हसताहेत.

डाव्या हातात सुई. टोचली. थोडंसंच औषध —

घसा सुटला. हवा आली.

तिकडे ती खोकली. चिक्की खाली ठेवली.

मी थांबले. हात तसाच. माझा घसा पुन्हा बंद. ती पुन्हा खायला लागली.

दोन निरीक्षणं.

आणखी थोडं — खोकली. सर्जेराव पाणी आणायला धावले.

थांबले.

तीन.

मंदाकिनीताई दारात आहेत. आत येत नाहीत. माझ्याकडे नाही, सुईकडे बघताहेत.

अक्षर दिसत नाही नीट. अंगठा दट्ट्यावर आहे. दाबला तर सगळं तिच्याकडे जाईल, एकदम —

तिने मान वर केली. मला बघितलं. चिक्कीचा तुकडा मोडून काचेला लावते आहे, मावशी तू पण, असं काहीतरी —

मला श्वास हवा आहे. फक्त एक. अंगठा