साबणाचा जोड

२ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून रोजनिशी. कारण: वेळेचा योग्य वापर. दुसरं काही नाही. ही गेल्याला सात महिने झाले. मी पूर्ण सावरलो आहे. शेजारचे निवृत्त हेडमास्तर म्हणतात, माणसाने मन मोकळं करावं. त्यांनी स्वतःचं इतकं मोकळं केलंय की आत काही शिल्लक असेल असं वाटत नाही.
संकल्प: पाचला उठणे. हिचं कपाट आवरणे. मुलीच्या कलेबद्दल मत न देणे.

२ फेब्रुवारी, दुपार
उठलो सव्वाआठला. कपाट उघडलं, बंद केलं. बिजागऱ्या कुरकुरतात. तेल आणल्याशिवाय आवरायला घेण्यात अर्थ नाही.

४ फेब्रुवारी
मुलगी येऊन गेली. तिचं आणि तिच्यासारख्याच आणखी चौघांचं प्रदर्शन आहे, एका रिकाम्या गोदामात, महिनाभर. विषय 'द्रव्य, काळ आणि रूपांतर'. मत दिलं नाही. एवढंच विचारलं की म्हणजे नक्की काय. म्हणाली, वस्तू काळाबरोबर कशा बदलतात ते बघायचं. मी म्हटलं, ते आपल्या फ्रिजमध्येही दिसतं, त्यासाठी तिकीट कशाला. म्हणाली, बाबा, तिकीट नाहीच आहे. मी म्हटलं, वाटलंच.

६ फेब्रुवारी
तिचा डबा परत करायला गोदामात गेलो. प्रदर्शन बघायला नव्हे. पण डबा हातात धरून डोळे मिटता येत नाहीत.
लोखंडाचा पत्रा, त्यावर थेंब थेंब खारं पाणी. गंजतोय. मी चौतीस वर्षं कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये काढली. नखाएवढा गंज राहिला म्हणून मला मेमो मिळाला होता. इथे त्याच गंजावर स्पॉटलाइट. पुढे मेणाची खुर्ची, दिव्याखाली वाकत चाललेली. तिच्यावर बसायचं नाही. मग खुर्ची कशाला? त्यापुढे मिठाचा ढीग. रोज थोडा ओला होतो, रोज थोडा वाळतो. आमच्या शॉपमध्ये याला गळती म्हणायचे आणि प्लंबर बोलवायचे.
माझं निदान: कलाकार म्हणजे मेन्टेनन्सचा कंटाळा असलेला माणूस.
मुलीच्या जागी नुसतं एक पांढरं बेसिन, नळ आणि रिकामी साबणदाणी. मी म्हटलं, तुझं काम उरलेलं दिसतंय. म्हणाली, काम तयार आहे, एक वस्तू यायची आहे. आईचा साबण द्याल का?

६ फेब्रुवारी, संध्याकाळ
साबणाबद्दल लिहून ठेवतो, म्हणजे विषय संपेल.
हिने एकतीस वर्षांत साबण कधी संपू दिला नाही. जुन्याची चकती पातळ झाली की ती ओली करून नव्या वडीच्या पाठीवर बसवायची आणि तळहातात दाबून शंभरपर्यंत मोजायची. जोड कधी सुटला नाही. म्हणजे हिशोबाने बघितलं तर लग्नानंतर घरात एकच साबण चालू होता. मी कामावरून आलो की दारातच हुकूम: आधी हात धुवा, मग बोला. रंग साबणाने जात नाही, टर्पेंटाइनने जातो, हे तिला तीस वर्षं सांगितलं. तरी आधी हात धुवा.
शेवटची वडी हिरवी आहे, पाठीवर गुलाबी चकती. साबणदाणीत आहे. आता तडे गेलेत.
मुलीचा बेत असा की येणाऱ्या प्रत्येकाने त्याने हात धुवायचे आणि तो संपवायचा. मी सांगितलं, देता येणार नाही, मी तो रोज वापरतो. तिने माझ्या हातांकडे बघितलं. कपडे धुवायच्या पावडरीने त्वचा जरा कोरडी पडते, एवढंच. पावडर स्वस्त पडते आणि हातांना चांगली. भावनेचा प्रश्नच नाही. साबण तो साबण.

७ फेब्रुवारी
मुलीचा फोन. तिने काही मागितलं नाही. नुसतंच म्हणाली, राहू दे बाबा. हा 'राहू दे' हुबेहूब हिचा. यावर माणसाला काहीतरी करावंच लागतं.

८ फेब्रुवारी
योजना तयार. दुकानातून एक हिरवी वडी, एक गुलाबी. नकली जुना साबण बनवायचा. तिला कळणार नाही. नवीन पत्रा पाच वर्षं जुना करून दाखवणं हे आमच्या टेस्टिंग रूमचं रोजचं काम होतं. ज्या रूपांतराला हे कलाकार महिना लावतात, ते मी दोन दिवसांत करून देईन.

९ फेब्रुवारी
दिव्याखाली चार तास, पाण्यात दोन मिनिटं, पुन्हा दिवा. तडे उत्तम. वरची अक्षरं पॉलिश पेपरने घासली. गुलाबी वडी किसून चकती केली. चकती बसेना. ओली केली, दाबली, शंभरपर्यंत मोजलं. पडली. दोनशे मोजलं. पडली. आजकालच्या साबणात दम नाही. शेवटी सुतारकामाचा गोंद लावला. कुणी विचारलं तर आधुनिक तंत्र.

१० फेब्रुवारी
दोन्ही साबण शेजारी ठेवले. फरक शून्य. पण चाचणीशिवाय माल पाठवायचा नाही, ही जुनी सवय. हेडमास्तरांना बोलावलं. सांगितलं, मी पाठ फिरवतो, तुम्ही यांची अदलाबदल करा. ते म्हणाले, कशासाठी? मी म्हटलं, करा हो. त्यांनी केली, आणि जरा जास्तच केली, वीस-पंचवीस वेळा. शाळेत अशीच पेपरची गल्लत करत असतील.
मी वळलो आणि खरा साबण ताबडतोब ओळखला. वासावरून नाही, मला सर्दी होती. वजनावरून. हेडमास्तरांना म्हटलं, बरोबर ना? ते म्हणाले, मला काय माहीत, तुम्ही हलवायला सांगितलं, मी हलवलं. लक्षात ठेवायचं असतं तर आधी सांगायचं. असल्या माणसाच्या हाताखाली पिढ्या शिकल्या. माझ्या हाताला चौतीस वर्षांचा अनुभव आहे, मला साक्षीदार लागत नाही.

११ फेब्रुवारी
नकली साबण मुलीला दिला. तिने तो नाकाशी धरला. मग म्हणाली, बाबा, मला वाटलं नव्हतं तुम्ही द्याल. माझा हात धरला. क्षणभर वाईट वाटलं. मग आठवलं की ही कला आहे, यात फसवणूक चालते.
खऱ्या साबणाला क्लिअर व्हार्निशचे दोन हात दिले आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवला. आता हवा नाही, पाणी नाही, काळ नाही. द्रव्य जिथल्या तिथे. हे त्या पाच जणांना जमलं नसतं.

१७ फेब्रुवारी
गोदामात चक्कर. सहज. बेसिनपुढे रांग! लोक हात धुतात, वास घेतात. एक बाई रडल्या. आठवड्यापूर्वी दुकानाच्या फळीवर पडलेल्या साबणासाठी! एक दाढीवाले म्हणाले की या वस्तूत साचलेला काळ जाणवतो. मी विचारलं, कुठे? ते म्हणाले, जोडात. मला हसू आवरेना, खोकल्यासारखं केलं. साचलेला काळ! सुतारकामाचा गोंद आहे तो, महाराज.
हे मनातच म्हटलं. पण मनात फार जोरात म्हटलं.

२४ फेब्रुवारी
पुन्हा चक्कर. साबण अर्धा झालाय. फेस मात्र छान येतो. मुलगी म्हणाली, एकदा तुम्हीही धुवा ना हात. म्हटलं, माझे स्वच्छ आहेत. चकती अजून पक्की बसलेली. गोंद इतका चांगला निघेल असं वाटलं नव्हतं. डब्यावरचं नाव लिहून ठेवायला हवं.

१ मार्च
कपाटासाठी तेल आणलं. बिजागऱ्यांना घातलं. आता कुरकुरत नाहीत. आवरणं उद्या.

४ मार्च, सकाळ
प्रदर्शन संपायला चार दिवस. मुलीचा फोन: साबण बहुतेक आजच संपेल, येता का? म्हटलं, बघतो. मनात आलं, एकीकडे खोटा संपतोय, दुसरीकडे खरा सुरक्षित आहे, जरा दर्शन घ्यावं. डबा उघडला.
व्हार्निश वाळलंच नव्हतं. साबणावर व्हार्निश वाळत नाही. आत ओल असते. हे मी शिकाऊ पोरांना दरवर्षी शिकवायचो, ओल्या जागेवर हात देऊ नका म्हणून. वडी डब्याच्या बुडाला चिकटलेली. सुरीने सोडवायला गेलो तर चकती टपकन वेगळी झाली.
खाली गोंद होता. पांढरा. सुतारकामाचा.

४ मार्च, तेव्हाच
हिचा जोड कधी सुटला नाही.
म्हणजे इतके दिवस ते सगळे लोक. ती बाई. तो दाढीवाला.
निघतो.

४ मार्च, दुपार
क्रमाने लिहितो.
टोपी विसरलो, चप्पल दोन जोडांतली. रस्ताभर ठरवत गेलो की काय बोलायचं: तांत्रिक कारणास्तव हे काम तात्काळ बंद करण्यात येत आहे, उरलेला माल मालकाच्या ताब्यात द्यावा. दारातूनच ओरडलो, थांबा, कुणी हात लावू नका! लोक बाजूला झाले. दोघांनी टाळ्या वाजवल्या. मी रोजचाच कार्यक्रम असेन असं त्यांना वाटलं. दाढीवाल्याने फोटो काढला.
मुलगी पुढे आली. मी म्हटलं, ऐक, मला एक महत्त्वाचं सांगायचंय. तिने माझे हात बघितले. व्हार्निश, गोंद, डब्याचा सोनेरी रंग, सगळं बोटांना. म्हणाली, बाबा, हे काय करून आलात? आधी हात धुवा, मग बोला.
मी धुतले. एकतीस वर्षांची सवय. तोंडाने मजकूर जुळवत होतो, हात आपले चालू होते. नळ, साबण, बोटांच्या मधे, नखांच्या खाली, नेहमीसारखे. फेस भरपूर आला. वास ओळखीचा होता. सर्दी गेलेली आहे.
मग साबण परत ठेवायला गेलो तर हातात काही नव्हतं.
मुलगी म्हणाली, एवढीशी पापडी उरली होती, म्हटलं शेवटचे हात तुमचे. मग तिने विचारलं, काय सांगायचं होतं?
म्हटलं, काही नाही. चांगलं झालंय तुझं काम.
हे मत नव्हे.

५ मार्च
उठलो पाचला. कपाट उघडलं. बिजागऱ्या आवाज करत नाहीत. बंद केलं.
हातांचा गोंद निघाला. व्हार्निश तसंच आहे. टर्पेंटाइन लागेल, हे मी तिला कायम सांगत आलो.
डब्यातली वडी खरवडून साबणदाणीत ठेवली. आंघोळीला वापरली. चकती बसवून बघितली, शंभरपर्यंत मोजलं. पडली.