गप्प राहणाऱ्याची खुर्ची

कोपर, मार्च १९५३

तीर्थस्वरूप मामांस, उत्तमचा साष्टांग नमस्कार.

गुडघे कसे आहेत? मामींचा खोकला गेला का? मी बरा आहे. शाळाही बरी आहे, म्हणजे छप्पर आहे. आपण वापरायला दिलेली खुर्ची कल्याणला परत मागितलीत, त्याविषयी शेवटी लिहितो.

चाळीस वर्षं आपण छडीने शिकवलंत, म्हणून हे आपल्यालाच सांगतो. प्रशिक्षणवर्गात आम्हाला सांगितलं, की एकही मूल नुसतं ऐकत बसता कामा नये. माझ्या वर्गात छत्तीस मुलं बोलतात आणि लक्ष्मी बोलत नाही. दोन वर्षांत एक अक्षर नाही. ती खिडकीकडे बघत बसते (मीही बघतो, मला खुर्चीतून मिठागरं दिसतात, दुपारी ती इतकी पांढरी होतात, की वर्ग जमिनीवर आहे याची खात्री राहत नाही). तिचा बाप धाकू तिथे मीठ पिकवतो. त्याने बजावलं होतं, दिपोटीसाहेबांच्या तपासणीत पोरीने तोंड उघडलं नाही, तर तिची शाळा बंद.

म्हणून मी नियम केला. जो गप्प राहील त्याने गुरुजींच्या खुर्चीत बसायचं आणि सगळ्यांना, मलाही, प्रश्न विचारायचे. दोन दिवस लक्ष्मी नुसती बसली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आज अष्टमी. भरती कदी?" वर्गाला ठाऊक होतं, मला नव्हतं. मी खाली बसून तिथीवरून भरती मोजायला शिकलो. खाली बसलं की खिडकीत फक्त आभाळ दिसतं. मुलं रोज हेच बघतात, हे मला माहीत नव्हतं.

पण खुर्ची सगळ्यांनाच हवी झाली. आठवड्यात वर्ग मुका झाला. जयाला गप्प करायला पूर्वी दोन माणसं लागत. तीही ओठ दाबून बसू लागली.

शनिवारी साहेब आले. कल्याण कोणत्या नदीकाठी, असं त्यांनी तीनदा विचारलं. छत्तीस तोंडं बंद. मला शेतीचे विचार येऊ लागले (आपली शेती नाही, तरी). तेवढ्यात लक्ष्मी उठली. खुर्चीचा तिला कंटाळा आला होता. "उल्हास," म्हणाली, आणि सवयीने पुढे, "सायेब, आज भरती कदी?"

साहेब गप्प.

"नाय येत? मंग बसा खुर्चीन."

साहेब बसले. बराच वेळ मिठागरं बघत राहिले. मग हळूच विचारलं, "ते पांढरे पक्षी कोणते रे?" सदतीस जण एकदम बोलले.

आपला भाचा,
उत्तम

ता. क. मूल नुसतं ऐकत बसता कामा नये, असं प्रशिक्षणवर्गात सांगितलं, हे मला शेजाऱ्याने सांगितलं. त्या तासाला मी झोपलो होतो.

आणखी ता. क. पाकीट चिकटवताना धाकू आला. पोरगी साहेबाला उलट बोलली म्हणून तिला न्यायला. लक्ष्मीने विचारलं, "बाबा, माजे जागेवर कोन बसंल?" त्याला बोलता येईना. मुलांनी त्याला नियम सांगितला. दुपारपासून तो खुर्चीत आहे. अजून त्याला प्रश्न सुचलेला नाही, आणि तोवर लक्ष्मी वर्गात आहे. तेव्हा खुर्ची आत्ताच मागू नये, ही विनंती.