दोन सकाळी, दोन संध्याकाळी

निशातगंज, लखनौ
२९ जून १९८२

ती. सौ. अक्कास,
वसुधाचा सा. न. वि. वि.

भावजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून बरं वाटलं. आमची मनीषा आता मराठीत विचारलं तरी ‘हाँ, ठीक है’ म्हणून मोकळी होते. मलिहाबादहून दशहरी आंब्यांची पेटी आली होती, तुझी आठवण काढून खाल्ले. एवढी खुशाली. आता पुढचं वाचून पत्र फाडून टाक.

नऊ तारखेला सकाळी यांनी मला दोन गोळ्या दिल्या. कागदाच्या पुडीतल्या, वर नाव नाही. पित्तावरच्या आहेत म्हणाले. संध्याकाळी घड्याळात बघून आणखी दोन. मग दीड दिवस इतकं मळमळलं आणि उलट्या झाल्या की पाणी ठरेना. चार दिवसांनी नुसते डाग दिसले आणि थांबले. माझी पाळी तुला ठाऊक आहे, एक दिवस इकडचा तिकडे होत नाही. ती बावीसला यायची, आज सात दिवस वर झाले.

शेजारच्या मिश्राभाभी हसत म्हणाल्या की तुमच्या डॉक्टरसाहेबांच्या औषधसंशोधनाच्या संस्थेत नवी दवा आधी उंदरांना, मग माकडांना देतात, त्यापुढचा नंबर कुणाचा ते विचारून घे. त्यांनी थट्टाच केली. पण परवा यांचं टेबल पुसताना एक वही सापडली. त्यात ‘व.’ असं लिहून माझ्या पाळीच्या तारखा, गोळ्यांची वेळ, उलट्या किती झाल्या, डाग कधी दिसले, सगळं यांच्या बारीक अक्षरात. अक्का, नवरा बायकोची अशी नोंद कशाला ठेवेल? तेव्हापासून यांनी पुढे केलेलं काही घशाखाली उतरत नाही. तू दवाखान्यात एवढी वर्षं नर्स आहेस. मला काय दिलं असेल?

भावजींना नमस्कार. तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसले आहे.

तुझी,
वसुधा


मिरज
४ जुलै १९८२

चि. सौ. वसुधास,
अक्काचे अ. उ. आ.

पत्र फाडलं. तुझ्या भावजींनी ‘काय लिहिलंय’ म्हणून विचारलं, तर आंब्याचं आहे म्हणून सांगितलं.

दोन सकाळी, बरोबर बारा तासांनी दोन, वर उलट्या. वेडाबाई, हे पित्ताचं औषध नव्हे आणि माझ्या मते नवंही नव्हे. आमच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, तुझं नाव न घेता. त्या म्हणाल्या की संततिनियमनाच्या नेहमीच्याच गोळ्या संबंधानंतर तीन दिवसांच्या आत अशा जास्त घेतल्या, तर दिवस राहणं बहुतेक वेळा टळतं, पण खात्री नसते. त्यानं मळमळतं, मधेच डाग दिसतात, आणि पाळी काही दिवस अलीकडे येते नाहीतर पलीकडे जाते. पुढे ती आपली आपण ताळ्यावर येते. म्हणून आधी घाबरणं सोड. पण गोळ्या घेऊन तीन आठवडे उलटले तरी आली नसेल, तर हे पत्र हातात पडताच लघवी तपासून घे. जानेवारीत गर्भ पडला तेव्हा तू जवळजवळ गेलीच होतीस आणि किती रक्त गेलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. वर्षभर दिवस राहता कामा नयेत असं बजावलं होतं ना?

माझा तर्क खरा असेल तर दिनकररावांनी तुझ्यावर प्रयोग केला नाही. पण तुला न सांगता दिलं, हेही काही कमी नाही. आडून शोधत बसू नकोस. समोर बसवून विचार.

माझा जीव तुझ्यात आहे, तो टांगून ठेवू नकोस.

तुझी,
अक्का


लखनौ
१० जुलै १९८२

ती. सौ. चंद्रप्रभाअक्का यांस,
दिनकरचा शि. सा. न.

काल वसुधानं तुमचं पत्र माझ्यासमोर ठेवलं आणि विचारलं. मी सगळं कबूल केलं.

गोळ्या दिल्या त्याच्या आदल्या दिवशी आमचं संततिनियमनाचं साधन फाटलं. मला जानेवारी आठवला. तिची शुद्ध गेली होती आणि मी रक्ताच्या बाटलीसाठी धावत होतो. इथल्या डॉ. चित्राबाईंकडे गेलो. त्यांनी गोळ्या दिल्या, परिणाम समजावले, आणि तिला सगळं सांगा असं दोनदा बजावलं. मी सांगितलं नाही. ती पुन्हा धास्तावेल, रडेल, असं वाटलं. खरं म्हणजे तिचं रडणं मलाच सोसत नाही. वहीतली नोंद ही माझी सवय. भीती वाटली की मी लिहून काढतो. तिला ते कसं दिसेल हे सुचलंच नाही.

आज अठरा दिवस वर झाले. तपासणीला चल म्हटलं तर बघू म्हणते. माझं डोकं चालत नाही. तिला दोन शब्द लिहा, तुमचं ती ऐकते.

अपराधी असलो तरी आपला समजावं.

आपला,
दिनकर


लखनौ
१३ जुलै १९८२

ती. सौ. अक्कास,
वसुधाचा सा. न.

यांचं पत्र तुला पोचलंच असेल. त्यातली एक गोष्ट चुकीची आहे. पाळी आली, अक्का. तीन जुलैलाच आली, अकरा दिवस उशिरा. मी यांना सांगितलं नाही.

तेव्हा तुझं पत्र यायचं होतं आणि मला वाटत होतं की हे वही घेऊन वाटच बघताहेत. मुद्दाम काही दाखवलं नाही. पुढे यांनी कबुली दिली, तरीही मी गप्प राहिले. यांनाही वाटू दे थोडी भीती, असं मनात म्हटलं. हे जेवेनात. मनीषाची वेणी घालताना पेड सोडून पुन्हा पुन्हा पहिल्यापासून घालायचे. मी बघत राहिले. आठ दिवस एका घरात, ताटाला ताट लावून, आणि यांना काहीसुद्धा कळलं नाही. फसवणं इतकं सोपं असतं हे कळलं, आणि मग मला माझीच भीती वाटली.

परवा सांगितलं. हे खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. मी म्हटलं की विचारलं असतंत तर त्या गोळ्या मी स्वतः मागून घेतल्या असत्या, मलाही मरायचं नव्हतं.

काल चित्राबाईंकडे मी एकटी गेले. पुढे काय वापरायचं ते त्यांच्याशी बोलून मीच ठरवलं. घरी आल्यावर यांनी विचारलं की आता माझ्यावर विश्वास ठेवशील ना. मी खोटं बोलले नाही. म्हटलं, ठेवीन, पण कधी ते आज सांगता येत नाही, तोवर तुम्ही थांबा. हे बरं म्हणाले आणि पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला. मी आधी वाकून आत बघितलं, मग प्यायले. हे बघत होते.

तुझ्या मायेत अंतर पडू देऊ नकोस, सध्या तिचाच आधार आहे.

तुझी,
वसुधा