दत्तोबाचा चेहरा

१८ सप्टेंबर १९५५
चिंचवडला पोहोचलो. पेट्या उतरवताना टांगेवाल्याने विचारले, नाटकवाले का? पेटीवर कंपनीचे नाव अजून आहे. म्हटले, होतो. कंपनी मिरजेला बुडाली. नऊ वर्षे तिचे पडदे रंगवले: राजवाडे, अरण्ये आणि एकच कैलास, तोच पुन्हा पुन्हा.
खोली छान आहे. खाली दौलतरावांची पिठाची गिरणी, वर मी. खिडकी उत्तरेची, उजेड दिवसभर सारखा. खाली पवना नदी. दौलतराव म्हणाले, पिंपरीला कारखाना झालाय, आता दुकानं वाढतील, पाट्या तुम्हीच रंगवा. कौशल्येला लगेच पत्र टाकले. लग्नाला सहा वर्षे झाली, त्यातली पाच तिने माहेरी काढली. लिहिले, या वेळी खरेच घर आहे.

२३ सप्टेंबर
दोन गणपती रंगवले, एक सायकल दुकानाची पाटी. इथे लोक पाठीमागे उभे राहून चुका काढतात. एक म्हातारा म्हणाला, पेंटर, उंदराला मिशा द्या की, बाईमाणूस दिसतोय. दिल्या. गिरणीचे पीठ वर येऊन ओल्या रंगावर बसते. पाठ धरते. पण काम आहे.
कौशल्येचे उत्तर आले. सोमवारी, १७ ऑक्टोबरला, सकाळच्या गाडीने येते.

२९ सप्टेंबर
गोजाबाई आल्या, सोबत दीर धर्माजी. गोजाबाईंचा नवरा दत्तोबा इथे नाव चालवायचा. त्रेचाळीसच्या पुरात नावेसकट गेला. मृतदेह सापडला नाही. बारा वर्षे बाई कुंकू लावतात आणि रोज एक भाकरी जास्त टाकतात. आता भटजींनी सर्वपित्रीचा दिवस काढून दिलाय. दर्भाचा माणूस करून त्याला अग्नी द्यायचा. पण यांच्या घरात तोंड पाहिल्याशिवाय अग्नी देत नाहीत. फोटो नाही. तेव्हा तोंड मी रंगवायचे.
अशी कामे मी केली आहेत. नाक भावाचे घ्यायचे, बाकी बायकोला विचारत जायचे. धर्माजींना समोर बसवले. बाई म्हणाल्या, ह्याच्यावानीच नाक, पर ह्याच्यासारखं सगळ्यात खुपसत न्हवते. धर्माजी हसले. बाई हसल्या नाहीत.

४ ऑक्टोबर
पाच दिवस तेच. कपाळ जमले, भिवया जमल्या. कानांवर अडलो. कान कुणाच्याच ध्यानात राहत नाहीत. बाई तासभर डोळे मिटून बसल्या, मग रडू लागल्या. म्हणाल्या, बारा वर्सं वाट बघितली आन् कान इसरले.
त्या गेल्यावर दाढीच्या आरशात बघून माझेच कान काढले. नाटकात असे नेहमी करायचो. कुणाचे हात हवे असले की आपलेच.

६ ऑक्टोबर
बाईंनी चित्र पाहिले आणि उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर नीट केला. म्हणाल्या, व्हय. हेच कान.
मग म्हणाल्या, आता तोंड चुकलंय. ओठ बदलले. हनुवटी बदलली. त्या सांगत गेल्या, मी करत गेलो. थकलो होतो. संध्याकाळी लांबून पाहिले. मी होतो.

७ ऑक्टोबर
धर्माजींना सांगितले. ते म्हणाले, राव, तुमचं थोबाड काय सोन्याचं हाय? वहिनीला पटलं, बास झालं.
दौलतराव मात्र हसले नाहीत. त्यांनी सांगितले, लढाईत इथलाच एक जण ब्रह्मदेशात हरवला. घरच्यांनी दर्भाचा करून जाळला. वर्षाने तो चालत घरी आला. गावाने ओ दिली नाही. अग्नी दिलेल्याला नावाने हाक मारायची नसते, त्याच्याकडे बघायचेही नसते, इथली रीत. तीन दिवस तो दारोदार फिरला. मग नदीकडे गेला. पहिल्या दिवशी आम्ही मुद्दाम बघत नव्हतो, दौलतराव म्हणाले. तिसऱ्या दिवशी तो खरंच दिसत नव्हता.

१० ऑक्टोबर
दुसरे चित्र केले, कान मोठे, हनुवटी वेगळी. बाईंनी एकदाच पाहिले. विचारले, हा कोन?
पहिले मागितले. धर्माजी ते आधीच घरी घेऊन गेलेत.

१३ ऑक्टोबर
त्यांच्या घरी गेलो. चित्र पाटावर, पुढे ताट. बाई त्याच्याशी बोलत होत्या, एका पुराचे, एका म्हशीचे, साठून राहिलेले सगळे. त्यांना काय सांगणार. माझ्यापुढेही ताट ठेवले. जेवलो. चव लागली नाही.
निघून जावे असे वाटते. पण सोमवारी कौशल्या. तिला पुन्हा लिहू, घर नाही?

१५ ऑक्टोबर, सर्वपित्री
दुपारी घाटावर गेलो. थांबा म्हणायला गेलो होतो. बाईंनी चित्राचे तोंड पाहिले, आपले कुंकू पुसले. मी ओरडलो नाही. बारा वर्षांनी मोकळी होणारी बाई — तिच्यासमोर ओरडवेना.
आधी कागदाच्या कडा जळल्या.
परतताना धर्माजी अंगावरून गेले. रामराम केला. त्यांनी —

१६ ऑक्टोबर
चहावाल्याने कप दिला नाही. तीनदा मागितला. वाटले, रीत पाळतोय. मग त्याने फडक्याने बाकडे पुसले. मी बसलो होतो तिथे — फडके थांबले नाही.
गोजाबाई ओट्यावर झोपल्या होत्या. भर दुपारी, गाढ.
दौलतरावांनी खोलीला कुलूप लावले. मी आत होतो.

१७ ऑक्टोबर
गाडीची शिट्टी ऐकली. दार वाजवून हात —
कुलूप निघाले. कौशल्या. ट्रंक, हातात पिशवी. दौलतराव तिला सांगताहेत, शनिवारपासून पेंटर दिसले नाहीत, सामान इथेच आहे. खोटे बोलत नाहीत ते. मी मध्ये उभा आहे.
हाक मारली. ती खिडकीकडे गेली. म्हणाली, उजेड चांगला आहे.
माझा सदरा झटकून घडी केली.
टेबलाशी आली. वही उघडी आहे. मी लिहितोय ते तिला दिसते की नाही — वाकली. वाचते आहे. ओठ हलताहेत.
दौलतराव म्हणतात, ताई, गेलेल्याचं वाचू नये, वही नदीत सोडा.
ती त्यांच्याकडे बघते — सोडू नकोस. कौशल्या, मोठ्याने वाच. हाक मार. पेंटर नव्हे, नावाने. माझे नाव ज्यो