कधीच नसलेली चिप गहाळ झाल्याबाबत

दिनांक : १३ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. उपसंचालक,
गिरणी कामगार सेवा-अभिलेख कक्ष,
परळ, मुंबई ४०० ०१२.

अर्जदार : ऋग्वेदा मनमोहन विजयकर, तांत्रिक सहायक (कंत्राटी), राहणार ठाकूरद्वार, गिरगाव.

विषय : फायलींवरील १२,६०० लेबले सोलून काढण्याचे सोमवारपासूनचे काम थांबवण्याबाबत.

संदर्भ : १) लेखापरीक्षण आक्षेप क्र. ७, ‘लेबलांतील चिप गहाळ’.
२) आपले दि. १० नोव्हेंबरचे पत्र.

महोदय,

१. मी पदार्थविज्ञानाची पदव्युत्तर पदवीधर असून ऑक्टोबर २०२३ पासून कक्षाच्या तळमजल्यावरील अभिलेख खोलीत काम करते. संदर्भ क्र. २ अन्वये, गहाळ चिपचा खुलासा तीन दिवसांत करावा आणि लेबले सोलून ‘चिप बसवून घेण्यासाठी’ ती पुरवणाऱ्या कंपनीकडे पाठवली जातील, असे मला कळवण्यात आले आहे. खुलासा असा की, या लेबलांत चिप कधीच नव्हती.

२. ही लेबले चिपरहित आहेत. प्रत्येक लेबल म्हणजे कागदाचा तुकडा असून त्यावर चांदीच्या शाईने सोळा कड्यांची जागा आखलेली आहे. काही जागी कडी छापली आहे, काही जागी सोडली आहे. हातातला रीडर लेबलावर रेडिओलहरी सोडतो. प्रत्येक कडी आपल्या मापाची एकच लहर गिळते, बाकीच्या परत येतात. कोणत्या लहरी परत आल्या नाहीत, यावरून फायलीचा क्रमांक कळतो. लेबलात बॅटरी नाही, स्मृती नाही. छपाई हीच त्याची ओळख आहे.

३. चूक कोठे झाली हे प्रामाणिकपणे सांगणे मला भाग आहे. ऑनलाइन नोंदणीच्या नमुन्यात ‘चिपचा अनुक्रमांक’ हा रकाना सक्तीचा होता. तो कोरा ठेवला की पान पुढे सरकत नसे. मी त्यात खरे तेच लिहिले : ‘निरंक’. असे १२,६०० वेळा लिहिले. लेखापरीक्षकांनी सर्व ‘निरंक’ची बेरीज करून तितक्या चिप गहाळ ठरवल्या. प्रत्यक्ष पाहणीच्या दिवशी त्यांनी एक लेबल खिडकीकडे धरून विचारले, “मॅडम, यात चिप कुठाय?” मी म्हटले, “नाहीये.” त्यांनी ते माझा जबाब म्हणून लिहून घेतले आणि त्यावर माझी सही घेतली.

४. कंपनीकडे लेबले पाठवण्याबाबत : कंपनीला आपण पाठवलेले पत्र ‘पत्त्यावर कोणी नाही’ या शेऱ्यासह परत आले आहे व ते माझ्याच टेबलावर आहे. शाईने छापायचे लेबल स्वस्त पडेल व त्याची बाजारपेठ मोठी होईल, अशी कंपनीची अटकळ होती. पण मोठ्या दुकानांनी चिपची लेबले एवढ्या संख्येने उचलली की तीच स्वस्त झाली. चिपरहित लेबलांना सर्वमान्य मानक नाही. एका कंपनीचा रीडर दुसरीचे लेबल वाचत नाही. कंपनीने हे काम बंद केले. आपल्या लेबलांना वाचणारा रीडर, माझ्या माहितीप्रमाणे, आता एकच उरला असून तो माझ्या ताब्यात आहे. जुलैच्या दमट हवेत कड्यांचा सूर किती खाली घसरतो, याचा तक्ता मी स्वतः तयार केला आहे. तो कोणी मागितलेला नाही.

५. १० तारखेपासून, मी चिप बाहेर नेऊ नये म्हणून, सायंकाळी दारावर माझी पिशवी तपासली जाते. पहारेकरी श्री. गुणाजी यांनी पहिल्याच दिवशी विचारले, “पण मॅडम, चिप असते केवढी?” मी खसखशीच्या दाण्याएवढी असे सांगितले. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा डबा उघडून उरलेल्या अळूवडीवरचे तीळ बारकाईने पाहिले, आणि “घरी कोण करतं?” असेही विचारले. मीच करते, असे सांगितले. या तपासणीबाबत माझी तक्रार नाही. दिवसभरात माझ्याशी कोणाचे बोलणे होते ते तेवढेच.

६. लेबले सोलल्यास होणारे नुकसान पुढीलप्रमाणे. गिरण्यांतून फायली गोणींत भरून आल्या. बहुतेकांची कव्हरे गेली होती, पहिल्या पानांवरची शाई फुटली होती. भिंगाने वाचून, आतले कागद जुळवून, चौदा महिन्यांत एकेक कामगार ओळखला आणि लेबल लावले. फायली मांडल्या त्या नावाने किंवा गिरणीने नव्हे, लेबलाच्या क्रमांकाने. नावांची यादी संगणकात राहील, पण कोणती फाईल कोणाची हे सांगणारे लेबलाखेरीज काही नाही. शिवाय लेबल खळीने पहिल्या पानावरच चिकटवलेले आहे. ओल लावली की पानही जाईल.

७. उदाहरणादाखल : लालबागच्या श्रीमती जाईबाई यांचे पती साचेखात्यात, म्हणजे मागावर, होते. त्यांच्या नावाचे, वडिलांच्याही त्याच नावाचे, अकरा कामगार निघाले. जाईबाईंचे पती कोणते, हे एका रजेच्या अर्जातल्या गावाच्या नावावरून ठरले. गिरणी कामगारांसाठीच्या घराच्या पात्रतेसाठी त्यांची सुनावणी २१ तारखेला आहे व प्रमाणित प्रत अद्याप निघालेली नाही. परवा त्या आल्या तेव्हा बाकावर कोणीतरी त्यांना चिपचे सांगितले होते. त्या मला म्हणाल्या, “माका चिप नको गो, माझ्या घोवाचो कागद होयो.” अशी ३१२ प्रकरणे प्रलंबित आहेत. सोमवारी लेबले निघाली तर मंगळवारी या लोकांना काय सांगायचे, याबाबत आपल्या पत्रात सूचना नाही.

८. सबब विनंती की, सोमवारचे काम थांबवावे. ते थांबवणे आपल्या अधिकारात नसल्यास, सोलण्यापूर्वी प्रत्येक फाईलवर तिचा क्रमांक पेन्सिलीने लिहू द्यावा. एका फायलीस दोन मिनिटे, म्हणजे रोज सात तासांप्रमाणे साठ दिवस लागतील.

९. मात्र हे काम एकटीने होत नाही. रीडर दोन्ही हातांनी, लेबलापासून तीन सेंटिमीटरवर, न हलवता धरावा लागतो. आकडा चार सेकंद दिसतो. म्हणून आमची रीत अशी होती की मी आकडा मोठ्याने वाचायचा, सहकारी हितेंद्र यांनी तो लिहून परत म्हणायचा. कधी ते मुद्दाम भलताच आकडा म्हणत आणि “जागी आहेस ना?” असे विचारत. गेल्या डिसेंबरमध्ये त्यांना पुण्यात नोकरी लागली. त्यांची जागा भरलेली नाही. तेव्हापासून फेरतपासणीत मी आकडा वाचते, रीडर खाली ठेवते, आठवून लिहिते आणि मीच परत म्हणते. यात चूक सापडत नाही. मी चुकीचे वाचले तर परत म्हणतानाही तेच चुकीचे म्हणते.

तरी साठ दिवसांसाठी एक व्यक्ती मिळावी. विज्ञान येण्याची गरज नाही. अक्षर कसेही चालेल. मी सांगितलेला आकडा ऐकून तो परत म्हणता आला पाहिजे, आणि माझा चुकला तर तसे सांगता आले पाहिजे.

रविवारी कक्ष बंद असतो, तरी मी दारापाशी थांबेन. उत्तर तिथेच दिले तरी चालेल.

आपली नम्र,
(सही)
ऋग्वेदा म. विजयकर

सोबत :
१) कंपनीचे परत आलेले पत्र.
२) प्रलंबित ३१२ प्रकरणांची यादी.
३) पडताळणी नोंदवहीची जानेवारीपासूनची पाने. ‘वाचणाऱ्याची सही’ रकान्यात माझी सही आहे. ‘ऐकणाऱ्याची सही’ हा रकाना निरंक.